भिशी : व्याज शून्य, तरी माझ्याकडून साडेचार स्टार

लोक मिक्सरचा रिव्ह्यू लिहितात, मोबाईलचा लिहितात, परवा तर कुणीतरी केराच्या डब्यात घालायच्या पिशव्यांचा फोटोसकट एवढा मोठा रिव्ह्यू टाकलेला वाचला, पण भिशीचा रिव्ह्यू काही मला कुठं सापडला नाही. आणि विचारणाऱ्या पोरी तर सारख्या भेटतात, काकू भिशी लावू का आरडी (बँकेतलं दर महिन्याला ठरलेले पैसे भरायचं खातं) काढू, तुम्ही बँकेत होता, तुम्हाला कळतंय. तर म्हटलं एकदा लिहूनच टाकावं. कॉलेजात होते तेव्हापासून रिटायर होईपर्यंत मी कुठल्या ना कुठल्या भिशीत होतेच, आजही दोन चालू आहेत, त्यामुळं हा खोकं उघडल्या उघडल्या लिहिलेला रिव्ह्यू नाही, वापरून झिजवलेल्या वस्तूचा आहे.

ज्यांना माहीत नाही (सांगली जिल्ह्यात असं कोण असेल असं वाटत नाही, पण पुण्या-मुंबईची पोरं वाचत असतील) त्यांच्यासाठी थोडक्यात. समजा बारा जणी. प्रत्येकीनं महिन्याला दोन हजार काढायचे, झाले चोवीस हजार. नावाच्या चिठ्ठ्या करायच्या, घरातल्या बारक्या पोराकडनं एक उचलायची, जिचं नाव निघालं तिनं सगळे पैसे घेऊन जायचं. नाव निघालं तरी पुढचे हप्ते चुकत नाहीत, फक्त तिची चिठ्ठी परत डब्यात पडत नाही. बाराव्या महिन्यात एकच नाव उरतं, चिठ्ठी काढायची काही गरज नसते, तरी आम्ही काढतो आणि टाळ्या वाजवतो.

ही झाली साधी चिठ्ठीची भिशी. बाकी मॉडेल पण आहेत बाजारात. लिलावाची असते, त्यात जिला नड आहे ती बोली लावते, चोवीसच्या जागी बावीसच घेते आणि वरचे दोन हजार बाकीच्या वाटून घेतात. कागदावर बघितलं तर ही जास्त हुशारीची, पण बाईच्या घरी आजारपण आलंय म्हणून ती पैसे मागतीय आणि आपण तिच्याकडनं दोन हजार कापून वर तिच्याच हातचा चहा पितोय, मला नाही जमलं, एक फेरी करून सोडून दिली. गल्लीतल्या मंडळाची असते, ती पुरुषांची, दर आठवड्याला पैसे गोळा, त्यातनंच शेकडा दोन-तीन टक्के महिना अशा व्याजानं आपापल्यात कर्ज, आणि दिवाळीला भिशी फोडायची. त्यात खरंच पैसे वाढतात आणि खरंच भांडणं पण होतात. सराफाची असते, अकरा हप्ते तुम्ही भरायचे आणि बारावा तो भरणार, पण शेवटी सोनं त्याच्याच दुकानातनं घ्यायचं. सांगलीत सराफी काय आजची नाही, गाडगीळांची पेढी इथं १८३२ साली सुरू झालेली, त्यामुळं ही भिशी इकडं घरोघर. शिवाय साडीची, भांड्याची, माझ्या सासूबाईंनी तर पितळी पातेल्यांची भिशी केलेली, ती पातेली आजही माळ्यावर आहेत. आणि हो, रजिस्टर केलेले चिट फंड वेगळे, त्यांना १९८२ चा कायदा आहे, परवाना, रजिस्टर, सगळं असतं. आमच्या भिशीला एक शंभर पानी वही असते आणि ती पण अर्धी कुणाच्या तरी पोरानं चित्रं काढून संपवलेली.

आता हिशोब, कारण मी कॅशियर होते आणि हिशोबाशिवाय रिव्ह्यू म्हणजे नुसत्या गप्पा. महिन्याला दोन हजारांची आरडी साडेसहा टक्क्यानं धरली तर वर्षाला साधारण साडेआठशे रुपये व्याज पडतं. भिशीत शून्य. ज्या बाईचा पहिला नंबर लागला तिला बिनव्याजी कर्ज मिळालं, जिचा शेवटचा लागला तिनं बाकीच्यांना बिनव्याजी कर्ज दिलं, मधल्या मधेच. म्हणजे गुंतवणूक म्हणून विचाराल तर प्रॉडक्ट फेल आहे, स्पष्ट सांगते. काउंटरवर बसून मी कितीतरी बायकांना सांगितलं असेल, आक्का हे आरडीत टाका, आणि संध्याकाळी स्वतः पर्समध्ये भिशीचे पैसे घेऊन गेले. त्यात कधी काही खटकलं नाही मला, कारण दोन्हीकडं मी वेगवेगळी गोष्ट जमा करत होते.

पहिली भिशी विलिंग्डन कॉलेजला, लेडीज हॉस्टेलवर, ८२-८३ साल असेल. विश्रामबाग म्हणजे तेव्हा सांगलीच्या बाहेर, सांगलीला जायचं म्हटलं की 'गावात' जातो म्हणायचो. आठ जणी, वीस वीस रुपये. मी तासगावची, एक विट्याची, एक जतची, एक शिराळ्याची, बाकीच्या इकडच्या तिकडच्या. नावं सांगत नाही, त्यांना आवडणार नाही, आणि तसंही आम्ही एकमेकींना गावाच्याच नावानं हाका मारायचो, ए जत, ए शिराळा. शिराळ्यात पाऊस थांबत नाही आणि जतला येत नाही, आणि दोन्ही एकाच जिल्ह्यात, हे मला भूगोलाच्या पुस्तकातनं कधी कळलं नव्हतं ते एका खोलीत राहून कळलं. शिराळा बादलीभर पाणी सांडून आंघोळ करायची आणि जत तिच्याकडं असं बघायची की बस. शिराळ्याकडनं तांदूळ यायचा, जतची ज्वारीची भाकरी यायची, जी चार दिवस राहिली तरी आम्ही दाण्याच्या चटणीबरोबर खायचो. माझा नंबर लागला तेव्हा घरनं थोडे घालून मी एचएमटीचं घड्याळ घेतलं, आणि जतचा लागला तेव्हा तिनं ते पैसे जसेच्या तसे घरी पाठवले, काही न बोलता. पुढच्या वर्षी पहिला नंबर तिला द्यायचा असं कोण म्हणालं आठवत नाही, पण सगळ्यांनी हो म्हटलं. मैत्रिणीला मदत करायची तर तिला ती मागायला लागू नये हे मला इथं पहिल्यांदा दिसलं, वीस रुपयात.

मग लग्नं झाली आणि भिशी संपली. विट्याची गलाईवाल्यांच्या घरात पडली. विटा, खानापूर, आटपाडी तिकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलीत, कुठल्याही मोठ्या गावाच्या सराफकट्ट्यावर जा, एखादा आपल्याकडचा गलाईवाला भेटणारच, तर ही गेली तामिळनाडूत. सुरुवातीला आंतर्देशीय पत्रं, मग दिवाळीचं एक कार्ड, मग ते पण नाही. हरिपूरला पूर्वी जमिनीत खणलेली हळदीची पेवं होती, आत हळद भरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं कीड लागायची नाही, २००५ च्या पुरानं त्यांची वाट लावली. आमची हॉस्टेलची मैत्री तशीच तोंड बंद होऊन राहिलेली. व्हॉट्सअ‍ॅप आल्यावर कुणाच्या तरी पोरीनं सगळ्यांचे नंबर शोधून ग्रुप केला आणि पहिल्याच दिवशी शिराळा म्हणाली, बायांनो गुड मॉर्निंगचे फोटो टाकून काय होणार, भिशी सुरू करा, म्हणजे बोलायला लागंल. ती चालू आहे. तामिळनाडूतनं दर महिन्याला दहा तारखेला पैसे येतात, यूपीआयनं, खाली मराठीत एक ओळ असते, कधी 'आज इडली बिघडली', कधी 'नातवाला मराठी शिकवालीय, ळ येत नाही म्हणतोय, तमिळमधला बरा येतोय'.

बँकेतली भिशी वेगळ्या जातीची. पगाराच्या दिवशी संध्याकाळी कॅश टॅली झाली की त्याच टेबलावर भिशीची मोजणी, मॅनेजर पण त्यात, शिपाईमामा पण त्यात, हप्ता सगळ्यांना सारखा. बँकेत साहेबांना साहेब म्हणायचं पण भिशीत त्यांचा हप्ता उशिरा आला की शिपाईमामा सगळ्यांसमोर म्हणायचे, साहेब, दंड! आणि साहेब गपगुमान दहाची नोट काढायचे. एका वर्षी मामांच्या पोरीचं लग्न ठरलेलं. त्या महिन्याच्या चिठ्ठ्या साहेबांनी स्वतः लिहिल्या, मामांचंच नाव निघालं, मामांनी कपाळाला हात लावून गणपतीचं नाव घेतलं. बाकीच्या चिठ्ठ्या नेहमीसारख्या चुरगाळून डब्यात. आता डबा सकाळी झाडायचं काम कुणाचं, मामांचंच की! तर सकाळी त्यांनी त्या उलगडून बघितल्या आणि सगळ्यांवर त्यांचंच नाव. हे त्यांनी आम्हाला त्यांच्या निरोप समारंभात सांगितलं, तोपर्यंत कित्येक वर्षं एक अक्षर नाही. आम्हाला वाटायचं आपण फार गुपचूप केलं. साहेब तेव्हा बदलून कुठल्या कुठं गेलेले, त्यांना तिथनंच फोन लावला, स्पीकरवर टाकला, आणि मामा काय बोलले ते रडण्यात कुणाला नीट ऐकूच आलं नाही, साहेब पलीकडनं नुसतं बरं बरं म्हणत राहिले.

माझी मुलं लहान असताना याच भिशीतल्या एका मॅडमनी त्यांचा क्लोजिंगच्या दिवसातला चहाचा वेळ मला देऊन टाकलेला, म्हणजे त्या माझं काउंटर सांभाळायच्या आणि मी घरी फोन करायचे, लँडलाईनवरनं, पोरं शाळेतनं आली का बघायला. मार्च एंडला बँकेत काम केलेल्या माणसाला कळेल ही केवढी मोठी गोष्ट आहे, बाकीच्यांनी नुसतं वाचून पुढं जा.

आता मेन प्रॉडक्ट, म्हणजे आमची गावभागातली, जुन्या सांगलीतली भिशी. लग्न होऊन आले तेव्हा समोरच्या वैनींनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, भिशीत येणार काय गं, जागा आहे एक. मला वाटलं पैशाचं विचारतायत. आता कळतंय की नव्या सुनेला गल्लीत घ्यायची ती पद्धत होती, कारण त्याशिवाय सासूबाईंना विचारून महिन्यातनं एक संध्याकाळ दुसऱ्याच्या घरी जाऊन बसायचं कारणच कुठलं होतं? 'भिशीला चाललेय' म्हटलं की कुणी अडवायचं नाही, पैशाचा मामला ना. नुसतं 'मैत्रिणींकडं चाललेय' म्हणून बघा तेव्हाच्या घरात! मैत्रीला तारीख लागते आणि नाही गेलं तर दंड लागतो, तरच ती टिकते संसाराच्या रगाड्यात, हे माझं मत झालंय, कुणाला पटो न पटो. 'भेटू की एकदा' म्हणणाऱ्या कितीतरी जणी माझ्या फोनमध्ये आहेत आणि त्या सगळ्या चांगल्या आहेत आणि एक पण भेटत नाही.

आणि पूर. सांगलीच्या माणसाला पावसाळ्यात विचारतात ते एकच, आयर्विनला किती? कृष्णेवरचा १९२९ सालचा तो पूल आमची फूटपट्टी आहे, चाळीस फुटाला इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि मनातल्या मनात प्रत्येकाला माहीत असतं आपल्या दारात किती फुटाला येतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते सत्तावन्नच्या वर गेलं. २००५ बघितलेली माणसं म्हणत होती तेव्हा इथवर आलेलं, जिन्याच्या या पायरीवर, त्याच्या वर काय येत नाही, आणि आलं. गावभागातल्या आमच्या निम्म्या भिशीवाल्यांच्या खालच्या मजल्यात पाणी, काहींच्या पार छतापर्यंत. आमच्यातली एक तेव्हा विश्रामबागेत राहायला गेलेली, तिच्या टू बीएचकेत तीन बिऱ्हाडं जाऊन राहिली, एका बिऱ्हाडाबरोबर मांजर पण. ती म्हणाली पुरात आमचं एकच भांडण झालं, टीव्हीवर बातम्या लावायच्या का सिरीयल.

पाणी उतरल्यावर जे असतं ते टीव्हीवर येत नाही. तो चिखल, तो वास, फुगलेली दारं, गाद्यांचे रस्त्यावर ढीग. प्रत्येक घराला दहा हात पाहिजेत आणि प्रत्येकीच्या घरात तेच चाललेलं. मग समोरच्या वैनी, वय तेव्हा सत्तरीच्या पुढं, रस्त्यात खुर्ची टाकून बसल्या आणि म्हणाल्या, भिशीचे नंबर लागलेत तसं घर धुवायचं, आज एक नंबरचं, उद्या दोन नंबरचं, कुणी पुढं घुसायचं नाही. आणि खरंच तसं झालं, खराटे, वायपर, बादल्या घेऊन सगळ्या आणि सगळ्यांचे नवरे-पोरं, एक एक घर. ज्यांच्या घरात पाण्याचा थेंब आला नव्हता त्या विश्रामबागवाल्या पण रोज यायच्या, त्यांचा नंबर आला की म्हणायच्या आमचा पुढचीला द्या. माझं घर मधे कुठंतरी आलं. माझ्या देवघराचा कोनाडा मी घासायला घेतला तर एक काकू, ज्यांच्याशी माझं वर्षभर बोलणं नव्हतं (कारण सांगत नाही, क्षुल्लक होतं), त्या माझ्या हातातनं ब्रश काढून घेऊन म्हणाल्या, तू बस, तुझी कंबर गेलीय. बस एवढंच. तिथंच ते भांडण संपलं, माफी बिफी काही नाही.

त्या महिन्याची भिशी कुणाची लागली हे कुणी विचारलंच नाही, पैसे ज्यांच्या घरातलं धान्य-भांडी सगळं गेलेलं त्या दोघींना गेले. अडचण पुढंच आली, वही पुरात गेली. कुणी किती भरलं, कुणाचा दंड बाकी, कुणी मागच्या महिन्यात पाचशे कमी दिलेले, सगळं त्या वहीत. सगळ्या जणी जिन्यावर बसल्या आणि तोंडी सांगत गेल्या, मी नवीन वहीत लिहीत गेले. कॅशियर म्हणून सांगते, मी बेरीज तीनदा केली कारण माझा विश्वास बसेना, पैशाला पैसा जुळला. एक पण बाई स्वतःच्या सोयीचं बोलली नाही, उलट एकजण म्हणाली माझे वीस दंडाचे राहिलेत, जे मला पण आठवत नव्हते. बँकेत लाख लाखाची मशीनं आणि पाच पाच सह्या असून टॅली लागेपर्यंत रात्र झालेली बघितलीय मी.

२०२१ ला परत पाणी आलं जुलैत, तेव्हा सगळ्या शहाण्या झालेल्या, सामान आधीच वर. त्या आधी कोरोना. त्यात भिशी फोनवर, चिठ्ठी व्हिडिओ कॉलवर, डब्यापेक्षा कपाळंच जास्त दिसायची स्क्रीनवर. त्यात आमच्यातली एक गेली. तिचा नंबर लागायचा होता अजून. पैसे घरी नेऊन द्यायचे होते पण जायचं कसं, तर अकाउंटवर टाकले. महिन्याभरानं तिच्या सुनेचा मेसेज आला, पुढचा हप्ता किती तारखेला द्यायचा? आम्ही म्हटलं अगं नाही द्यायचा, ती म्हणाली नाही, आईंच्या जागेवर मी येते. आता ती आमच्यात सगळ्यात लहान, आम्हाला रील करायला लावते, चोर गणपती बसतो तेव्हा पहाटे आम्हाला फोन करून उठवते. (बाहेरच्यांसाठी : आमच्या सांगलीच्या गणपती मंदिरात चतुर्थीच्या आधीच, प्रतिपदेला, गाजावाजा न करता गणपती येऊन बसतो, म्हणून तो चोर.)

सर्व्हिसबद्दल अजून. माझ्या मिस्टरांचं ऑपरेशन मिरजेत झालं तेव्हा डबा रोज वेगळ्या घरचा, वडापनं (म्हणजे शेअर जीपनं), स्कुटीनं, जशी जिला जमेल तशी. मिरजेत दवाखान्याची परंपरा वानलेस डॉक्टरांपासनं, एकोणिसाव्या शतकातली, त्यामुळं दवाखाना चांगला मिळतो, पण दवाखान्याबाहेरच्या बाकड्यावर शेजारी कोण बसणार हे काही डॉक्टर लिहून देत नाहीत. एकीनं तर काही विचारलंच नाही, बाकड्यावर बसून शेवग्याच्या शेंगा सोलत बसली पिशवीतनं काढून, म्हणाली घरी वेळ मिळत नाही. आजूबाजूचे बघत होते. मला त्या दिवशी तेवढंच पाहिजे होतं.

आता खाणं, कारण भिशी म्हणजे निम्मं खाणंच. इथं अर्धा स्टार कापलाय आणि का ते सांगते. मधे एक काळ असा आला की जिच्या घरी भिशी ती बाई दोन दिवस आधीपासनं लढाईला लागायची. एकीनं पावभाजी केली की दुसरीनं पावभाजी आणि आईस्क्रीम, तिसरीनं थेट हॉटेलात टेबल बुक, मग ड्रेस कोड, सगळ्यांनी हिरवं नेसायचं, मग तंबोला, मग रिटर्न गिफ्ट. फोटो झकास येत होते. आणि मग एकजण म्हणाली मला पुढच्या फेरीत नको, गुडघे दुखतात. गुडघे कशाचे, तिच्या मिस्टरांचं काम सुटलेलं. हप्ता ती भरू शकत होती, पाहुणचार झेपत नव्हता. असं कुणी सांगत नसतं, गुडघेच सांगतात. समोरच्या वैनींना ते बरोबर कळलं आणि त्यांनी नियम काढला तो आजतागायत चालू आहे, भिशीला फक्त भडंग आणि चहा, कुणाच्याही घरी. कोण करोडपती असो. आता भडंगात पण स्पर्धा असते पण ती दहा रुपयातली, चिरमुरे कुठल्या भट्टीचे, लसूण ठेचून घातला का तळून, शेंगदाणे सालीसकट का कसे, मसाला किती. माझं मत, लसूण सालीसकट ठेचलेला आणि कुरकुरीत झालेला पाहिजे, आणि चिरमुरे गरम करूनच घ्यायचे, नाहीतर पावसाळ्यात चामट. गुडघेवाली परत आली हे सांगायला नकोच.

दुसरा दोष मोठा आहे आणि तो लपवायचा नाही. पैसे बुडू शकतात. आमच्या एका भिशीत (गावभागातली नव्हे) एकीनं सुरुवातीलाच नंबर लागल्यावर पैसे उचलले आणि दोन हप्त्यांनंतर घराला कुलूप. तो खड्डा बाकीच्यांनी भरला. यावर कुणी म्हणेल म्हणून बँकच बरी. तर बँकेत ठेवा की, जरूर ठेवा, बँकेतल्या ठेवीला २०२० पासनं पाच लाखापर्यंत विमा आहे. पण पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नसतो हे किती जणांना माहीत असतं, आमच्या घरचे पण पैसे एका पतसंस्थेत अडकलेत, वर्षानुवर्षं खेटे घातले. भिशीत बुडाले तेव्हा निदान एकत्र बसून शिव्या तरी देता आल्या. ही मी भिशीची बाजू घेत नाही, नुसतं सांगतेय. जेवढे बुडाले तर झोप उडणार नाही तेवढाच हप्ता ठेवा.

तिसरा, कुचाळक्या. आहेत. नाहीत असं कोण म्हणेल? बारा बायका नि एक डबा भडंग. पण ज्या माझ्याबद्दल मागं बोलल्या असतील त्याच बाकड्यावर येऊन बसल्या, तर मी तो मुद्दा स्टार कापण्याइतका धरत नाही.

भिशीच्या पैशातनं मी आयुष्यात घड्याळ, शिलाई मशीन, पोराची फी, एक अंगठी आणि एक फ्रीज घेतला. घड्याळ गेलं, मशीन गेलं, फ्रीज पुरात गेला. ज्यांच्याबरोबर हप्ते भरले त्या जवळजवळ सगळ्या अजून आहेत आणि ज्या नाहीत त्यांच्या जागी त्यांच्या घरातलं कुणीतरी येऊन बसलंय. त्यांच्यातल्या एकीला पण मी कधी तोंडावर थँक्यू म्हटलं नाही आणि म्हणणार पण नाही, म्हटलं तर लगेच म्हणतील काय झालं गं तुला, बीपी तपासलंस काय. म्हणून इथं लिहितेय, वाचतील बघा, ती लहान सून सगळ्यांना वाचून दाखवेल मोठ्यानं आणि मधे मधे हसेल. जत, विटा, शिराळा, मामा, साहेब, मार्च एंडच्या मॅडम, समोरच्या वैनी, ब्रशवाल्या काकू, सगळ्यांना मिळून हे साडेचार स्टार. वैनींना वेगळे पाच.

घ्यायची का? पैसे वाढवायचे असतील तर नका घेऊ, आरडी काढा. माणसं पाहिजे असतील तर लगेच घ्या, आणि शक्यतो गाव बदललं, लग्न झालं, नोकरी बदलली की पहिल्या सहा महिन्यात घ्या, तेव्हाच जास्त लागते. आठ-दहा जणी पुरतात, पंधराच्या वर गेलात की दोन गट पडतात. ओळखीची ओळख असेल तरच घ्या, जाहिरात बघून कधीच नको. तारीख एकच ठेवा आणि बदलू नका, एकदा बदलली की दर महिन्याला बदलते. दंड ठेवा आणि वसूल करा, साहेबांकडनं पण. जिला नड आहे तिला पहिला नंबर द्या आणि तिला कळू देऊ नका, चिठ्ठ्या मात्र नंतर जाळून टाका, डब्यात टाकू नका. आमच्यात जागा नाही, विचारू नका, पाडव्याला नवीन फेरी सुरू होतेय आणि आधीच दोघी वेटिंगवर आहेत, त्यातली एक तर वैनींची नात.